पाण्याचं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. पण माझ्यातून माणसं जात नाहीत, पाणी जातं. पनवेलच्या खाडीकाठी मातीचा लांब बांध आहे. शेतातलं पाणी बाहेर सोडायला त्यात एक वाट ठेवली आहे, तिला उघाडी म्हणतात. तिथे मी वरच्या बिजागरीवर लोंबतं आहे. ओहोटीला शेतातलं पाणी मला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडी मला दाबून बंद करते. एवढंच माझं काम.

आपटा गावच्या सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. बसवलं त्या दिवशी गावाने नारळ फोडला आणि बुधाजीला राखणदार नेमलं. तेव्हा तो पंचविशीत होता, आता सत्तरी ओलांडली. दर पौर्णिमा-अमावस्येला, मोठ्या उधाणाच्या दिवशी, तो येई, माझ्या कडांवरून हात फिरवी, अडकलेला काटाकुटा काढी आणि पाणी वळेपर्यंत बसून राही. ओठांत नामस्मरण, डोळे पाण्यावर.

त्याचा पुतण्या कुंदन चेष्टा करी, “काका, तुमी तं पान्याला सासरा मानता! जरा हसा की!”

“पानी मस्करी करत नाय, कुंदन. मंग मी कशी करू?”

कुंदनला कोलंबीचा नाद. भरतीबरोबर ती आत यावी म्हणून तो मला बांबूने उघडं अडकवी आणि आतल्या बाजूला जाळं लावी. पाणी चढायच्या आत बांबू काढी. दरवेळी आठवणीने काढी.

श्रावणातल्या पौर्णिमेला विसरला. देवळात सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं, तोही टाळ घेऊन उभा राहिला. कर्ण्यावरून अभंग माझ्यापर्यंत येत होता, इतका गोड की बांधावरचे बगळेही स्तब्ध होते. आणि माझ्या उघड्या तोंडातून खारं पाणी गुडघाभर भाताकडे चाललं होतं. ते तिथे बसलं की पुढची दोन-तीन वर्षं दाणा नाही. मला ओरडता येत नाही.

एवढ्यात कर्ण्यावर कुणाचा तरी आवाज आला, “बुधाजी, काला टाकून चाललास? देवापरीस उघाडी मोठी काय रं?” हशा पिकला. बुवा थांबले. म्हणाले, “हसू नका. आपण ऐकतो, ते पाळतात.”

म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उतरला. बांबू हलेना. त्याने खांदा लावून ओढला, तो सुटला आणि मी धाडकन मिटलं. बुधाजीचा उजवा हात मधे सापडला.

शेत वाचलं. हात कायमचा गेला. मित्रांनो, ते मीच केलं.

गावाने त्याला शाल दिली. कुंदन रडला, देवापुढे शपथ घेऊन राखणदार झाला. पुढच्या दोन्ही उधाणांना वेळेवर आला.

आज भाद्रपदाची अमावस्या. भरती लागली आहे. आणि बांबू पुन्हा माझ्या तोंडात आहे. “आत्ता आलो,” म्हणून कुंदन सकाळीच गेला. वरून विमान गेलं, त्याचा आवाज विरला, आता फक्त पाणी ऐकू येतं.

मित्रांनो, तुमच्या घरात, गावात असं एखादं न हसणारं माणूस असेल. त्याला शाल नका देऊ. त्याच्याशेजारी जाऊन बसा, त्याचं काम शिकून घ्या.

बांधावर पावलं वाजताहेत. कुंदनची नाहीत. सावकाश येताहेत, काठी टेकत, डाव्या हाताने.

देवा, आज तरी त्याच्या मागून कुणीतरी धावत येऊ दे.