दुसरी डायरेक्टर

२०२२ साल ते. सुनावण्या तेव्हा पडद्यावर व्हायच्या. चेन्नईच्या कंपनी न्यायाधिकरणापुढे हजर व्हायला दोघी जावा तंजावुरातच, सतीशकुमार वकिलांच्या खोलीत, एका पंख्याखाली बसल्या होत्या. थोरली कनकलता, धाकटी भवानी.

धाकटीचं सगळंच कनकलतेच्या डोळ्यांत खुपायचं. आधी तिच्या हिऱ्यांच्या कुड्या, मग तिचा कोलू. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलू बघायला साऱ्या गल्लीतल्या बायका आधी भवानीकडे जायच्या. थोरलीकडे येईपर्यंत त्यांची पोटं भवानीच्या सुंडलनं, हरभऱ्याच्या प्रसादाच्या उसळीनं, भरलेली असायची. पुढे भवानीनं खेड्यांतल्या कारागिरांच्या बाहुल्या परदेशी धाडायची कंपनी काढली. दारावर पाटी लागली तशी कनकलता भरल्या पानावरून उठली. "माझं नाव कुठंय?" म्हणून दिरापाशी, भवानीच्या नवऱ्यापाशी, वरुणरावांपाशी रडून रडून तिनं स्वतःला डायरेक्टर करून घेतलं.

मग धंदा बसला. हिशेब तपासणारे वेंकटराव दोघींना समोर बसवून म्हणाले, "आता उधारीवर एक बाहुलीसुद्धा उचलू नका. फेडणार कुठून?" भवानी सिंगापूरच्या मागणीच्या आशेवर माल घेतच राहिली. आणि कोलूत दर वर्षी एक तरी नवी बाहुली लागतेच. कनकलतेनं मणी कुंभाराकडून कंपनीच्या नावावर अख्खे दशावतार मागवले, भवानीकडे होते त्याहून वीतभर उंच.

नवरात्र सरलं, कंपनी मोडली, कारागिरांचे पैसे अडकले. कंपनीची आवराआवर करायला नेमलेल्या अधिकाऱ्यानं अर्ज केला, की बुडतंय हे ठाऊक असून ज्यांनी माल उचलला त्या डायरेक्टरांनी कारागिरांचं नुकसान पदरचं भरावं.

कनकलतेच्या पदरी होती माहेरची नारळाची बाग, पापनाशमची.

"मामी, तुम्ही तोंड उघडायचं नाही," वकिलांनी बजावलं. "बाग वाचेल."

पडद्यावरून प्रश्न आला, इशाऱ्यानंतरही माल घ्यायचं कोणी ठरवलं?

"मी," भवानी म्हणाली. "अक्कांना धंद्यातलं काही कळत नाही, सार. दाखवलं तिथं सही करायच्या. आल्यागेल्यांची कॉफी बघायच्या." आणि टेबलाखाली तिनं जावेचा हात हळूच दाबला.

कनकलतेच्या कानात कॉफी तेवढी शिरली.

"कॉफी? मी काय तुझी स्वयंपाकीण गं?" हात झटकून, वकील आडवे येईपर्यंत ती पडद्याला तमिळमध्ये सांगून मोकळी झाली, "सार, मला सगळं ठाऊक होतं. वेंकटरावांनी मला समोर बसवून सांगितलंय. दशावतारांची ऑर्डर माझी. मीसुद्धा डायरेक्टर आहे, हिच्या बरोबरीची!"

"नोंद घ्या," पडदा म्हणाला.

"अक्का, काय केलंत हे? मी तुम्हाला सोडवत होते हो!"

"तू कोण मला सोडवणारी?"

निकालात भरपाई दोघींवर निम्मी निम्मी बसली. थोरलीला आयुष्यात एकदा तरी धाकटीच्या बरोबरीचा मान मिळाला, तो असा.

बाग गेली. भवानीच्या कुड्या गेल्या, घरही गेलं. मणीला बरेचसे पैसे मिळाले, आता तो आपला माल आपणच विकतो. वेंकटराव मुलाकडे कोइमतूरला गेले. वरुणराव शिकवण्या घेतात. सतीशकुमार सुनावणीआधी अशिलांच्या हातातून माईक काढून घेतात.

भवानी त्याच गल्लीत भाड्यानं राहते. कोलू तीनच पायऱ्यांचा मांडते, जुन्याच बाहुल्या, आणि एखादी नवी, मातीची, लहानशी. बायका अजूनही आधी तिच्याकडेच जातात. कनकलता सुंडल निवत ठेवून खिडकीतून बघत असते, कोण कोण शिरलं ते.