मुकादमाची खाज

मुकादम खाजवतो. सकाळी खाजवतो, दुपारी खाजवतो, मी फोनवर बोलत असले की मुद्दाम माझ्या खुर्चीला अंग घासतो. घरातल्या प्रत्येकाच्या कामावर लक्ष ठेवतो म्हणून या कुत्र्याचं नाव मुकादम पडलं. पण तीन महिने त्याला स्वतःच्या पंजांखेरीज काही सुचत नव्हतं. चाटून चाटून बोटांमधले पांढरे केस तांबूस झाले होते, कान आतून लालभडक, पोटावर पुरळ. मी आधी पिसवा शोधल्या. एक सापडेल तर शपथ.

प्राण्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक खाण्यातली अ‍ॅलर्जी. आठ आठवडे फक्त मासे आणि बटाटा, दुसरं काही म्हणजे काही नाही. सोबत खाजेची गोळी, औषधी शाम्पू, आणि फिरून आल्यावर पंजे धुवून कोरडे करायचे. तोंड सुजलं किंवा धाप लागली तर वाट न बघता घेऊन या. सहाव्या आठवड्यापर्यंत फरक दिसायला हवा.

मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एका नळीतला थेंब दुसरीत जाऊ द्यायचा नाही, यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. त्यामुळे घरात नियम मीच केले, तक्ता मीच फ्रिजवर लावला, नवऱ्याच्या हातातून बिस्किटांचा पुडा मीच काढून घेतला.

सहावा आठवडा संपता संपता मुकादमाने खाजवून कानामागे रक्त काढलं. माझं डोकंच फिरलं. तक्ता चोख, मासे मोजून, मग चुकतंय कुठे? घरात दिवसभर असतात ते एक सासरे. ते जेवायला बसले की मुकादमाचं डोकं त्यांच्या मांडीवर ठरलेलं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि नको ते बोलले.

"बाबा, तुम्ही त्याला काहीतरी चारताय. लाड करून करून त्याचा जीव घ्याल."

"मी नाही देत गं," ते म्हणाले.

मी विश्वास ठेवला नाही. जेवताना त्याला जवळ घ्यायचं नाही, असं बजावलं. नवरा मध्ये पडला, त्यालाही झापलं. बाबांनी वाद घातला नाही. ते ताट खोलीत नेऊ लागले आणि दार लावून जेवू लागले.

बारा दिवस गेले तरी खाज तसूभरही कमी नाही. आता संशय घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं, नुसता संताप उरला होता. शनिवारी दुपारी तक्ता आणि मुकादम घेऊन दवाखाना गाठला आणि डॉक्टरबाईंनाच सुनावलं की तुमचं निदान चुकलंय.

त्यांनी तक्ता वाचला, कान तपासले. मग विचारलं, "गोळी कशात देता?"

"चीजमध्ये. नखाएवढा तुकडा. त्याशिवाय गिळतच नाही."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. रोज दोनदा, माझ्याच हाताने, जवळजवळ आठ आठवडे. तक्त्यात खाण्याचा रकाना वेगळा होता, गोळीचा वेगळा. गोळीबरोबर जे जातं ते माझ्या लेखी औषधच होतं.

दुधाचीच अ‍ॅलर्जी आहे असं इतक्यात म्हणता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण चाचणी फुकट गेली. गोळी माशात दाबून द्या, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन बाबांचं दार वाजवलं. चीजसकट सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही मी म्हणाले.

"रोज मी जेवायला बसलो की तो बाहेर येऊन कुईकुई करायचा," ते म्हणाले. "मी दार उघडलं नाही. तू इतक्या खात्रीने बोललीस, मला वाटलं, पडतही असेल काही माझ्या हातून, मलाच कळत नसेल."