गाईच्या डाव्या कुशीत

मित्रांनो, मी एका जुन्या गाईचे कोठीपोट आहे, म्हणजे तिच्या चार पोटांपैकी पहिले आणि सगळ्यात मोठे. माझा मुक्काम तिच्या डाव्या कुशीत असतो.

गाय वासरू होती तेव्हा मी इवलेसे आणि बिनकामाचे होते. आईचे दूध मला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जाई. मग एकदा वासराने गवताची काडी चघळून पाहिली आणि माझे दिवस पालटले. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवाणू माझ्यात राहायला आले. गवतातले तंतू गाईला पचत नाहीत, त्यांना पचतात. ते चाऱ्याची आम्ले बनवतात. त्यांतले एक आम्ल व्हिनेगरमध्ये असते तेच. तंतुमय चाऱ्यातून ते भरपूर मिळते आणि कास त्यापासून दुधातली स्निग्धता तयार करते. दाण्यातून दुसरेच आम्ल वाढते. त्याची यकृतात साखर होते आणि त्या साखरेवर दूध किती येणार ते ठरते. गंमत आहे ना? तरी शाबासकीची थाप नेहमी कासेलाच!

यंदा दूध भरपूर, पण पातळ येऊ लागले. दूध संकलन केंद्राने ते परत पाठवले.

"म्हातारी झाली ही. आता विकूनच टाकू," मालकीणकाकू म्हणाल्या.

विकण्याआधी शेवटचा उपाय म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांनी डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली. मी घुसळत होते, पण दमून.

"रवंथ कमी झालाय. दाण्याचा भरडा किती घालता?"

"एकच डबा, माझ्या हातानं," काकू म्हणाल्या.

त्यांचे दीर चाचरले. "एक मीही घालतो, वहिनी. वाटलं, तुम्ही विसरलात."

दाराशी सासरे खाकरले. "मग माझा तिसरा. ती बघतेच अशी, की उपाशी असावी!"

"बाबा, तुम्हीसुद्धा?" काकूंनी विचारले.

"अहो, ती सगळ्यांकडे तशीच बघते!" डॉक्टरीणबाई हसल्या. "म्हातारपण कसलं? लाड बाधलेत तिला. दाण्यानं पोट आंबलंय, म्हणून दूध पातळ. भरडा हळूहळू एका डब्यावर आणा आणि लांब चारा पोटभर घाला."

तसे झाले. गाय पुन्हा निवांत रवंथ करू लागली. तिची लाळ माझ्यात उतरली, आंबटपणा निवळला, चारा पचवणारे जीवाणू सावरले. मग दूध दाट झाले, केंद्राने ते ठेवून घेतले आणि गाय आपल्या दावणीलाच राहिली.

मित्रांनो, मुक्या जनावराचे लाड जरूर करा. पण डबा ओतण्याआधी घरात एकदा विचारा. आतून मला "पुरे" म्हणता येत नाही.