तिसरा पाईप

बायको सुभद्रा वारल्याची तार नागपूरहून आली, तो १९७९ सालच्या फेब्रुवारीतला शनिवार होता. हिंदी मुलखातल्या महानगर वसाहतीतल्या घरात भाऊराव टेबलावर ग्लास मांडत होते. बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी ती तीन आठवडे तिकडे गेली होती आणि जाताना तीन शनिवारांचे तीन पाईप भरून गेली होती. दोन ओढून झाले होते.

बारा वर्षांपूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये भाऊरावांचा उजवा अंगठा गेला, तेव्हापासून तंबाखू तीच भरायची. शनिवारी संध्याकाळी बोटीवर नोकरीला असलेल्या भाच्यानं आणलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीचा एक पेग, ठुमऱ्यांच्या रेकॉर्डची एक बाजू आणि एक पाईप. तिनं भरलेला पाईप त्या बाजूच्या तिन्ही ठुमऱ्या संपेपर्यंत विझत नसे. ग्लास हुंगून ती दर वेळी म्हणायची, "अहो, एवढी महागाची दारू, अन् वास ओल्या लाकडाच्या चुलीचा!"

नागपूरहून परतल्यावर भाऊराव डाव्या हातानं पाईप भरू लागले. कधी गच्च व्हायचा, कधी सैल. पहिल्या ठुमरीतच विझायचा.

"सिगरेट ओढा की," शेजारचे रावसाहेब म्हणाले. "यार, कशाला जिवाला त्रास?"

"नाही. शिकणार."

एप्रिलमध्ये एका शनिवारी त्यांनी टेबलावर पेपर पसरला आणि तिसरा पाईप काढला. इथंच वाढलेली त्यांची मुलगी बेबी कॉलेजातून नुकतीच आली होती. ती धावलीच.

"बाबा, इसे मत खोलिए. मम्मी के हाथ का है."

"म्हणूनच उघडतोय. ओढला तर राख होईल. नुसता ठेवला तर आतल्या आत भुगा. उघडला तरच कळेल, ती काय करायची ते."

बेबी रडू लागली. भाऊरावांचा हात थांबला. मग त्यांनी एका बारीक तारेनं हळूहळू तंबाखू सोडवायला घेतली. कडेची दाबलेली होती. मधली मोकळी होती. तळाची तर बोटानं नुसती सोडलेली.

बेबी डोळे पुसत वाकली. "मम्मी भरवाँ बैंगन ऐसे ही भरती थीं. किनारे दबाके, बीच में ढीला."

बारा वर्षं भाऊराव समोर बसले होते, आणि हे त्यांना एकदाही दिसलं नव्हतं.

"दीजिए, मैं भर देती हूँ."

"नको. तू फक्त बघ. चुकलो की सांग."

त्यांनी ताजी तंबाखू घेतली. दोनदा बेबीनं रिकामा करायला लावला. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. भाऊरावांनी पेग ओतला, थोडं पाणी घातलं, रेकॉर्ड लावली, काडी ओढली. पहिली ठुमरी संपली, पाईप पेटता होता. दुसरी निम्म्यावर आली आणि धूर थांबला.

"फिर से?" बेबीनं विचारलं.

"पुढच्या शनिवारी. एका दिवशी एकच, असा तिचा नियम आहे."

त्यानंतर कितीतरी शनिवार गेले. दुसरी ठुमरी आता पूर्ण होते. तिसरी अजून राहिली आहे.