चंपाषष्ठीसाठी राखलेली पऱ्हाटी

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात मंदाबाईंच्या भरिताला नाव होतं, आणि ते नाव सगळ्यात जास्त वेळा घेणाऱ्या बाई म्हणजे स्वतः मंदाबाई. चंपाषष्ठीला धुळ्याची बहीण, जळगावात मेहरूणला दिलेली लेक, झाडून सगळे त्यांच्या अंगणात जमत. चार महिने वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा ताटात येई.

"खरी चव वांग्यात नसते," मंदाबाई दरवर्षी सांगत. "ती पऱ्हाटीत असते. तीही जुनी, मुरलेली पाहिजे."

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं, भरिताची वांगी भाजायचं जळण. ती लोणच्यासारखी मुरते, हा शोध त्यांचा एकटीचा. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला पुरावा कोण मागतो?

यंदा फाल्गुनात पुतण्या कुंदन पऱ्हाटी बारीक करायचं मशीन घेऊन आला. "मोठी माय, हाई बठ्ठी वावरमाच मिसळी देऊत. मातीनं मातीले. बोंडंमा अळ्या ऱ्हातीस, त्याबी मरतीन."

"आणि भरीत काय गॅसवर भाजू? सासूबाई वरून बघताहेत माझ्याकडे!"

सासूबाईंचं नाव निघालं की कुंदनचं काही चालत नसे. एक भलामोठा ढीग मंदाबाईंच्या परसात रचला गेला. परसाला लागूनच कुंदनची कपाशी. त्याची वर्षाची सारी भिस्त त्या वावरावर.

मंदाबाईंनी त्या ढिगाची जी बडदास्त ठेवली, ती त्यांच्या लेकीच्या बाळंतपणातही ठेवली नव्हती. ठेलारी मेंढ्या घेऊन आले, तर परसात पाऊल टाकू दिलं नाही; मेंढ्या उरलीसुरली बोंडं खातात, काड्या मोडतात. साळुंक्या ढिगात चोची खुपसत, कचरा नेमका पापडांवर सांडत. मंदाबाई खाटेवर बसून त्यांना खडे मारत. जेठात ढगांचा गडगडाट ऐकून त्यांनी ढिगावर ताडपत्री घातली. कडा दगडांनी दाबल्या. स्वतःच्या गादीवर छत गळत होतं, तिथे मात्र पातेलं ठेवून भागवलं.

श्रावणात कपाशी फुलावर आली आणि कुंदनचं तोंड उतरलं. घराकडच्या ओळींत फुलं उमलेनात. पाकळ्या आतून चिकटलेल्या, गुलाबाच्या मिटल्या कळीसारख्या. त्यांना डोमकळ्या म्हणतात, आणि आत बोंडअळी बसलेली असते. पतंग पकडायला लावलेल्या सापळ्यांपैकी घराकडचे गच्च भरलेले, लांबचे जवळजवळ रिकामे.

"असंच पसरलं ना मोठी माय, तर यंदा घरमा बोंड येवाव नही," कुंदन म्हणाला आणि ताट तसंच सोडून उठला. त्याची बायको ज्योती पुढे झाली. तिनं ताट झाकलं.

पोरगा मंदाबाईंनी अंगाखांद्यावर वाढवलेला. कुणाच्या तरी साठवलेल्या पऱ्हाटीतून अळी आली असणार; हे ज्याचं पाप असेल त्याला सोडायचं नाही, असं ठरवून त्या पदर खोचून निघाल्या, त्या थेट शेजारच्या रुपचंदच्या ओट्यावर. रुपचंद आळशी, म्हणजे गुन्हेगार तोच.

"कुठे लपवलीस रे पऱ्हाटी? तुझ्या आळसापायी माझ्या पोराचं वावर चाललं! लाज वाटते का?"

रुपचंद बिडी विझवून शांतपणे उठला. "आक्का, मनी पऱ्हाटी तं मेंढ्यास्नी चारी टाकी, उरनी ती मशीनमा गयी. चाल, तुले दखाडस."

तो त्यांना त्यांच्याच परसात घेऊन आला. ओट्यावरची चार माणसं मागोमाग आलीच. रुपचंदनं ताडपत्रीचा कोपरा उचलला. फुर्रकन करडे पतंग उडाले. एक मंदाबाईंच्या नाकावरच बसला, जणू ओळखीचा. रुपचंदनं एक वाळकं बोंड फोडलं. सरकीत गुलाबी अळी ऐसपैस झोपलेली.

"दख, कशी माहेरवाशीण शे!" मागून कुणीतरी बोललं. "आक्कानं पांघरूणबी घालं!"

सगळे हसले. मंदाबाईंना हसता येईना, रडणं तर शोभेना.

"सासूबाई पण ठेवायच्या," त्या पुटपुटल्या, आणि त्याच क्षणी त्यांना आठवलं. सासूबाईंची पऱ्हाटी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतही टिकायचीच नाही. रोजचा स्वयंपाक, न्हाणीचं पाणी, जनावरांची आंबवणं, सगळं तिच्यावर. चूल तिची काडी न काडी खायची, राख उकिरड्यात, उकिरडा वावरात. पाऊस येईपर्यंत परसात उरायची ती फक्त जागा. मुरलेली पऱ्हाटी त्या घरात कुणी पाहिलीच नव्हती. चूल गेली, गॅस आला, आणि आठवणीत मात्र ढीग वाढत गेला.

"कुंदन," त्यांनी हाक मारली, "काडी ओढ."

"आते? तुनं भरीत?"

"भरीत गेलं खड्ड्यात. पेटव म्हणते ना!"

ताडपत्रीनं कोरडा ठाक राखलेला ढीग असा भडकला की मंदाबाईंच्या व्यवस्थेचं सगळ्यांनी कौतुक केलं. धूर बघून निम्मं गाव ताटल्या घेऊन आलं. वांगं तर चातुर्मासात वर्ज्य. शेवटी ज्योतीनं मक्याची कणसं आणली आणि निखाऱ्यावर टाकली. लोक कणसं खात होते आणि चवीनं आक्काच्या अळ्यांची गोष्ट एकमेकांना सांगत होते. दुसऱ्या दिवसापासून मंदाबाई ज्योतीबरोबर डोमकळ्या खुडू लागल्या. त्या कोंबड्यांपुढे टाकत. घराकडच्या ओळी हातच्या गेल्या. बाकीचं वावर मात्र तगलं.

कार्तिकात कुंदननं त्या गेलेल्या ओळी उपटून वाळवल्या. मशीन लागलं. पण त्याआधी त्यानं कवळभर पऱ्हाटी मोठ्या मायसमोर आणून टाकली. मंदाबाईंनी तिचं एकेक बोंड तोडून कोंबड्यांना घातलं. शेजारी साळुंक्या उतरल्या. या वेळी खडा उचलला नाही.

चंपाषष्ठीला लाकडी बडगीत भरीत ठेचलं गेलं. बहिणीनं घास घेतला. "मंदे, नेहमीसारखंच झालंय गं!"

मंदाबाईंनी चाखलं. खरंच, तसूभर फरक नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या, "पऱ्हाटी अजून मुरायला हवी होती."

कुंदननं मान वर करून पाहिलं. मंदाबाईंनी घाईनं ताट पुढे केलं. "वाढ की रे अजून, बघतोस काय!"