सुंदराकाकीचा चेहरा

सिनेमाचं नाव पडद्यावर यायच्या आधीच प्रेक्षकाच्या पोटात गोळा यायला हवा, एवढंच दिग्दर्शक विनीतने प्राचीला सांगितलं होतं. बाकी सगळं तिच्यावर सोपवलं होतं. प्राची सिनेमांच्या सुरुवातीची टायटल्स करायची. पण भयपट तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता.

तिने भूत दाखवायचं नाही असं ठरवलं. फक्त दोन हात दाखवायचे. म्हातारे, शिरा वर आलेले, घरातली रोजची कामं करणारे. सुईत दोरा ओवणारे, फणीतले केस काढून बोटाला गुंडाळणारे, कंदिलाची काच पुसणारे. प्रत्येक काम नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ चालणार, आणि तेवढ्यानेच बघणारा अस्वस्थ होणार. नावं मराठीत, आणि प्रत्येक नावाची शिरोरेखा कापडाच्या दशीसारखी हळूहळू सुटत जाणार.

हात तिला शोधावे लागले नाहीत. करी रोडच्या प्राचीच्या चाळीत दोन खोल्या सोडून सुंदराकाकी राहायची. तिचा नवरा गिरणीत होता. तो गेला, आणि नंतर एकुलता एक मुलगा सुशांत कॉलेजात असतानाच काविळीने गेला. प्राचीला लहानपणी त्याच घरात जेवायची सवय होती.

"फक्त हात गो?" काकीने विचारलं होतं.

"फक्त हात. तोंड दिसणार नाही, शप्पथ."

विनीतलाही तिने हे दोनदा बजावलं होतं. तो म्हणाला होता, "अगं, ऑफ कोर्स."

दादरच्या छोट्या प्रिव्ह्यू थिएटरमध्ये सिनेमा दाखवला तेव्हा प्राची काकीला घेऊन गेली. काकीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. अंधार झाला, सुई दिसली, दोरा दिसला. काकीने प्राचीच्या मांडीवर चापट मारली. "माजे हात बघ!"

मग कंदील आला आणि काच पुसता पुसता कॅमेरा एकदम वर गेला.

पडद्यावर सुंदराकाकीचा चेहरा. पांढराफटक केलेला, डोळे खोल गेलेले. तोंड हळूहळू उघडत होतं आणि त्यातून एक भयानक किंकाळी निघत होती. मागच्या रांगेतली बाई किंचाळली. दोनतीन पोरं हसली. चेहऱ्यावरच सिनेमाचं नाव उमटलं.

प्राचीचे कान तापले. ही फ्रेम तिने वापरलीच नव्हती. प्राची काकीच्या घरी शूटिंग करत असताना बाहेर गॅलरीत कुणाच्या तरी चपला वाजल्या होत्या आणि काकीने दचकून वर पाहिलं होतं. विनीतच्या ऑफिसने सगळं कच्चं शूटिंग मागून घेतलं होतं, सेफ्टीसाठी म्हणून. त्यातून त्याने हे उचललं होतं.

दिवे लागले तेव्हा काकीची जागा रिकामी होती. ती बाहेर फुटपाथवर उभी होती, पदर घट्ट आवळून.

"तो खंय रवता?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी शिवाजी पार्कला विनीतच्या फ्लॅटवर गेल्या. दार त्यानेच उघडलं. इस्त्रीचा कुर्ता घालून तो कुणाची तरी वाट बघत होता.

"प्राची! आणि मावशी! या ना. काल लोक कसले घाबरले, पाहिलंत?"

"विनीत, तो चेहरा काढ," प्राची म्हणाली.

"अगं, तोच तर सगळा मूड सेट करतो. तुझे हात छान होते, पण शेवटी झटका नको?"

"मी त्यांना शब्द दिला होता. तूही दिला होतास."

"मावशी, तुम्हाला वाईट वाटलं का? तुम्ही किती पॉवरफुल दिसताय माहितीये?"

काकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्या आवाजाखाली मी काय बोलत होतंय, ठाव आसा तुका?"

विनीतने कुर्त्याची बाही सारखी केली.

"माज्या झिलाक हाक मारलंय मी. चपला वाजल्यो, माका वाटला सुशांत इलो. मेल्याक अठरा वर्षां झाली तरी वाटता. आणि तू त्येच्यार किंकाळी लावलंस?"

विनीतने प्राचीकडे पाहिलं. "मला काय माहीत हे? सॉरी, मावशी. मनापासून. पण आवाजाचा मिक्स लॉक झालाय. शुक्रवारी रिलीज आहे. आता काहीही करता येणार नाही."

"आवाज तू ऐकला होतास," प्राची ओरडली. "कच्च्या शूटिंगमध्ये नाव स्पष्ट ऐकू येतं. तू ते पुसलंस, म्हणजे तुला माहीत होतं!"

तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला. पेपरवाले मुलाखतीला आले होते.

"आपण नंतर बोलू, प्लीज," विनीत दाराकडे वळला.

काकी सोफ्यावर जाऊन मधोमध बसली. पाय वर घेतले, पदर डोक्यावरून ओढला.

"माका भूत केलंस ना? मग आता भूत हंयसरच बसतला. येऊ देत त्यांका. मी सांगतंय सगळा."

विनीतने हात जोडून पाहिले, आवाज चढवून पाहिला. काकी हलली नाही. वॉचमनचा पुन्हा फोन आला तशी त्याने घाईघाईने एडिटरला फोन लावला. प्राचीने स्पीकर चालू करायला लावला. चेहरा काढा, किंकाळी काढा, कंदिलावर संपवा, असं तो दोघींच्या देखत तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा काकी उठली.

"पण तो चेहरा घातलेला ट्रेलर कधीच गेलाय," तो हळूच म्हणाला. "लोकांच्या फोनवर पोचलाय. तो माझ्या हातात नाही."

जिन्यात मुलाखतवाले वर येत होते. काकी त्यांच्या बाजूने खाली उतरली, कुणाकडेही न बघता.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत दोघी चालत आल्या. प्राचीला हायसं वाटत होतं. ती काकीचा हात धरायला गेली तर काकीने तो झटकला.

"माजा तोंड दिसला तेवा तू कॅमेरो बंद कित्याक नाय केलंस?"

प्राचीला तो क्षण चांगला वाटला होता, म्हणून तिने कॅमेरा वर नेऊन चालू ठेवला होता.

"पुसून टाकते मी काकी. माझ्याकडचं सगळं. आत्ताच, तुझ्यासमोर."

"खबरदार!" काकी एवढ्या मोठ्याने ओरडली की बाकावरचे म्हातारे वळून बघायला लागले. "त्यात मी त्येका हाक मारलेली आसा. ती पुसशीत?"

"नाही पुसत."

"ऐकाक मिळात माका?"

"हो. घरी गेल्यावर लावते."

काकीने रस्त्याकडे पाहिलं.

"आज नको," ती म्हणाली. "आज माका तुजोय राग इलो हा." आणि ती एकटीच टॅक्सीला हात करायला पुढे गेली.