खिळ्यावरची एकच कडी

आश्विनाचं ऊन माळावर उतरलं होतं. पीतवर्ण, निश्चल, निःशब्द ऊन. गवत सुवर्णाचं होऊन माना टाकत होतं, ओढ्याचं पाणी आटत आटत दगडांच्या पायाशी आलं होतं, आणि घाटमाथ्यावरच्या त्या आठ घरांच्या वाडीत एकही पाखरू बोलत नव्हतं.

शेवटच्या घरापुढच्या मांडवात येसबा गाडीखाली उताणा पडला होता. पांढरी डिझेल पिकअप. डाव्या दारावर त्याच्या मुलाचं नाव. हणमंत तीन वर्षांपूर्वी तापानं गेला. गाडी राहिली, दारावरचं नाव राहिलं, आणि राहिली त्याची बायको शालन. आता तीच रोज दुपारी वाडीचं दूध भरून गाडी घाटाखाली नेई. किटल्या तिच्या, स्टिअरिंग तिचं. गाडीचं पोट मात्र येसबाचं. तिथं तो कुणाला हात लावू देत नसे.

डेपोत तीस वर्षं फिटर होता तो. जिथं डोळा पोचत नाही, तिथं त्याचं बोट पोचे. "मला बॅटरी नगो, माझं बोट बघतं," असं तो चारचौघांत सांगे, आणि ते खरंही होतं.

खरं होतं, गेल्या दिवाळीपर्यंत. साखरेच्या दुखण्यानं हळूहळू बोटं मुकी झाली. एकदा त्यानं तापलेला तवा उचलला आणि कातडी करपल्याचा वास आला, तेव्हा त्याला कळलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शालननं गाडी तालुक्याच्या गॅरेजात नेली असती. मग म्हाताऱ्याला उरलं काय? खाट आणि दुपार.

बोल्ट सुटला. तेल घमेल्यात उतरू लागलं. कृष्णवर्ण, उष्ण, संथ तेल. एक अखंड काळी धार, सावलीतून सावलीत उतरणारी. तिच्या गुळगुळीत पृष्ठावर मांडवाचं छप्पर हललं, येसबाचा चेहरा हलला, आणि दोन्ही काळोखात विरघळले. येसबानं जुन्या पट्ट्याचा वेढा घालून तेलाचा फिल्टर सोडवला. डबा निसटला, त्याची पत्र्याची कड तर्जनीवरून सरकत गेली. आधीच तेलानं काळ्या झालेल्या हाताला ओल आली. तेलच असणार, असं म्हणून त्यानं तो सदऱ्याला पुसला.

आता राहिली इंजिनावरची गोल बैठक, जिथं नवा फिल्टर बसायचा. तिच्यावरून बोट फिरवायचं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. जुन्या फिल्टरची रबरी कडी कधी कधी निघून येत नाही. तिथंच चिकटून बसते. तिच्यावर नवी कडी चढली की काही वेळ सगळं ठीक दिसतं, मग गाडी धावते, तेल तापतं, आणि दोन कड्यांच्या मधून वाट काढतं. डेपोत किती पोरांना त्यानं हे कान धरून शिकवलं होतं.

येसबानं बोट फिरवलं. बोट काही बोललं नाही. बोलत नाही म्हणजे बैठक साफ, असं तो धरून चालला.

"मामा, झालं का? किटल्या उनात हायत. दूध नासंल," दारातून शालन म्हणाली.

"झालं, झालं. दूध तुजं नासंल, पर गाडी नासली तर?"

नवा फिल्टर त्यानं हातानंच आवळला, खालचा बोल्ट बसवला, वरून नवं तेल ओतलं. मग डिझेलचा फिल्टर बदलला. नव्यात काठोकाठ स्वच्छ डिझेल भरलं, हातपंप दाबत राहिला. बुडबुडे आले, बुडबुडे विरळ झाले, बुडबुडे थांबले. एवढं मात्र डोळ्यांना दिसत होतं, म्हणून ते बिनचूक झालं.

मांडवाच्या मेढीला एक खिळा होता. हणमंतानं गाडी दारात आणली त्या वर्षापासूनची या घराची रीत होती: दर खेपेला दोन्ही फिल्टरांच्या जुन्या कड्या त्या खिळ्यावर अडकवायच्या. एक तेलाची, एक डिझेलची. जोडीवर जोडी, काळी वर्तुळं, वर्षांमागून वर्षं. शालन त्यांना गाडीच्या बांगड्या म्हणे. आज येसबानं एकच कडी अडकवली.

"आन दुसरी?"

"घमेल्यात पडली आसंल. तेल गाळताना गावंल."

"बोटानं बघितलंसा न्हवं?"

"मग तीस वर्सं काय गवत उपटलं व्हय मी?"

ती हसली. सासरा चिडला की तिला बरं वाटे. घर अजून जागं आहे असं वाटे. तिनं किटल्या चढवल्या, गाडी सुरू केली. येसबानं वाकून खाली पाहिलं. जमीन कोरडी होती.

निम्म्या घाटात वाटजाईचा शेंदरी दगड होता. तिथं थांबून दगडावर पळीभर दूध ओतायचं, गाडीभोवती एक फेरी मारायची, मगच पुढं जायचं, हा शालनचा नेम. येसबाला आज उशिराची लाज वाटत होती. तो म्हणाला, "आज देवीपाशी थांबू नगंस. सरळ जा."

"बरं," शालन म्हणाली, आणि गाडी पिवळ्या उन्हात उतरून गेली.

मग येसबा तेल गाळायला बसला. गाळलेलं जुनं तेल मेढींना फासलं की वाळवी लागत नाही. घमेलं कललं, काळी धार फडक्यातून उतरली. संथ, उष्ण, कृष्णवर्ण. घमेलं रिकामं झालं. फडक्यावर काजळी राहिली. कडी नव्हती.

त्यानं जुना फिल्टर उचलून उन्हात धरला. कडीची खाच रिकामी होती.

ऊन तेच होतं, माळ तोच होता, पण जुनी कडी इंजिनाच्या बैठकीवरच राहिली होती. फोन लावला, शालन घाटात उतरली होती आणि घाटात फोन लागत नाही. तो अनवाणी धावत सुटला. देवीपाशी थांबू नगंस. त्याचेच शब्द त्याच्या मागं धावत होते.

पहिल्या वळणावर एक थेंब. काळा, वर्तुळाकार, चकाकता थेंब. दुसऱ्या वळणावर तीन. पुढं थेंबाला थेंब भिडला आणि रेघ झाली. ती रेघ वाटजाईपाशी आली, शेंदरी दगडासमोरून न थांबता तशीच पुढं गेली. आणखी रुंद. आणखी काळी. उजवीकडं दरी होती, दरीत निळं धुकं साचू लागलं होतं, आणि खालून इंजिनाचा आवाज येत नव्हता.

"शालन!" तो ओरडला. दरीनं नाव परत केलं.

त्यापुढच्या वळणावर गाडी होती. डोंगराच्या अंगाला, चरात नाक खुपसून. किटल्या आडव्या झाल्या होत्या आणि दूध रस्त्यावर वाहत होतं. काळ्या रेघेशेजारी पांढरी रेघ. एकमेकींत न मिसळता दोघी दरीच्या काठाकडं निघाल्या होत्या. शालन चराच्या कडेला बसली होती. कपाळावर टेंगूळ, अंगभर धूळ, पण जिवंत. येसबा तिच्यापाशी खाली बसला.

"इंजान जाम झालं, मामा," ती हळू म्हणाली. "बिरेक दगडावानी घट्ट. दरीकडं ओढत हुती. मी डोंगरावर घातली." मग तिनं मान वर केली. "बोटानं बघितलंसा न्हवं?"

"बघितलं," येसबा म्हणाला. "बोट सांगत न्हाई, पोरी. दिवाळीपास्नं काय बी सांगत न्हाई."

शालननं त्याचा हात ओढून घेतला. तर्जनी पेरापासून पेरापर्यंत चिरलेली होती. तळहात लाल, मनगट लाल, सदऱ्याची बाही लाल.

"ह्ये कवा लागलं?"

येसबानं पाहिलं. मग त्यानं मागं, आपण आलो त्या चढाकडं पाहिलं. काळ्या रेघेच्या कडेनं, त्याच्या अनवाणी पावलांशेजारी, लाल थेंब उतरत आले होते. वाडीपासून इथवर, वळणावळणाला, त्याच्या नकळत.

शालननं पदर फाडला आणि बोट करकचून बांधलं. त्याला ते कळलं नाही. ऊन डोंगरामागं गेलं. दूध वाहत राहिलं, तेल वाहत राहिलं, आणि परक्याच्या बोटाकडं पाहावं तसा येसबा आपल्या बोटाकडं पाहत राहिला.